नव्या मशीनवर सेव्हन चढत नाही

तुम्ही जुना कॉम्प्युटर भंगारात देऊन राहिले ना, आधी आमच्या वहिनीचं ऐका.

सुपेल्यात तिचं भरतकामाचं दुकान आहे. भरतकामाची मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालते, त्यात विंडोज सेव्हन. ऐन लगीनसराईत तो बंद पडला. नवरीच्या साड्या अर्ध्या राहिल्या. मी तिले कॉम्प्युटरवाल्याकडे नेलं. दुकानदार आपलाच, भंडाऱ्याकडचा.

तो म्हणे, "वहिनी, नव्या कॉम्प्युटरच्या मशीनवर सेव्हन चढत नाही. कंपनीनं सपोर्टच बंद केला. अन् तुमचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. भरतकामाची मशीनच बदला."

मले वाटलं, वहिनी आता रडते. पण तिनं विचारलं, "कावून चढत नाही? अन् जुन्यात जळलं तरी काय?"

त्यानं उघडून पाह्यलं. बोर्ड जळला होता, पण सेव्हन अन् सॉफ्टवेअर ज्यात होतं, ती डिस्क चांगली होती.

"मग असाच दुसरा जुना डबा आणला तर?"

तो हसला. "तो आता भंगारातच भेटंल."

वहिनी खरंच जामुलच्या भंगारवाल्याकडे गेली. तसाच कॉम्प्युटर शोधला, आपली डिस्क त्यात बसवून घेतली. संध्याकाळी मशीन सुरू! साड्या वेळेवर गेल्या.

पंधरा दिवसांनी त्याच दुकानदाराचा फोन आला. त्याच्या एका गिऱ्हाईकाची फ्लेक्स छापायची मशीन सेव्हनवर अडली होती.

"वहिनी, जामुलले तसा अजून एखादा भेटंल का?"

"नाही भेटणार," वहिनी म्हणाली. "तिथं दोनच होते. दुसरा माझ्या पलंगाखाली आहे."