राणीची शीळ

(लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. भर दुपार. सर्कशीत कामाला असलेला दगडू, त्याची विधवा वहिनी सुभद्रा आणि जनावरांचे डॉक्टर कर्णिक. मधोमध उघडी पत्र्याची ट्रंक; तिच्यात वेटोळं घालून राणी, सर्कशीतली आजारी सापीण, तंबू उतरल्यापासून इथं आणलेली.)

डॉक्टर : मला सरळ सांगा, दगडू. इंजेक्शनं मी देतोय, ऊब तुम्ही द्यायची होती. मग हिचं अंग माठासारखं गार का?

दगडू : देतो की, डॉक्टर. बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या, वर गोधडी. एवढं तर आमच्या मॅनेजरला त्याच्या बायकोनं जपलं नसंल.

डॉक्टर : मॅनेजर गोधडीशिवायही तापतो. साप नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच औषध आत काम करतं. हे ब्राझीलकडचं जनावर आहे, माघातली गार हवा त्याला काय ठाऊक?

दगडू : ब्राझील? बोर्डावर तर ‘आफ्रिकेचा महाअजगर’ लिवलंय.

डॉक्टर : बोर्ड रंगवणाऱ्याला विचारून मी औषध ठरवत नाही. हा बोआ आहे. आपला अजगर अंडी घालतो, ही थेट पिल्लं घालते. धरा, मानेमागे. घट्ट नको.

दगडू : धरली. एक सांगू? तुम्ही यायच्या आधीच हिनं दाराकडं मान वळवली होती. रोज करते. कुणी यायचं असलं की हिला आधी समजतं. अंगावर काटा येतो सालं.

डॉक्टर : काटा यायला काही झालेलं नाही. सापाला बाहेरून कान नसतो. जबडा खाली टेकलेला असतो आणि तुमचा जिना लाकडी. कुणी पायरीवर पाय ठेवला की हादरा फळ्यांतून तिच्या हाडात जातो. जिन्यावर माणूस असलं की ती वळते. बस. आता हे बघा, तोंडातला फेस. सापाच्या छातीखाली आपल्यासारखा पडदा नसतो, म्हणून त्याला खोकता येत नाही. आत साचलं ते आतच राहतं. मग नाकपुड्यांतून वारा जाताना…

दगडू : शीळ वाजते. सगळ्या चाळीला म्हाईत झालंय. आधी म्हणाले, जनावर बाहेर काढा. शेजारच्या राधाबाई तर पोलिसात निघाल्या होत्या. मग एका पहाटे शीळ ऐकली आणि कुणीतरी म्हणालं, ही तर जयवंतची. झालं! आता उंबऱ्याशी दुधाच्या वाट्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात, फाउंटनच्या गोळीबारात पोरगा गेला तेव्हा जे गॅलरीतनं खाली उतरले नाहीत, ते ट्रंकेला हात जोडून जातात.

डॉक्टर : दूध पाजलंत की काय हिला?

दगडू : छ्या! मी प्यालो.

डॉक्टर : जयवंत म्हणजे यांचा…

दगडू : एकुलता. दुसऱ्या पाळीवरनं आला की जिन्याखालनं शीळ घालायचा, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून. एक आखूड, एक लांब. मग वैनी कडी काढायची.

डॉक्टर : श्वास आत जाताना आखूड, बाहेर येताना लांब. बाई, हा न्यूमोनिया आहे.

सुभद्रा : मी कुठं नाही म्हणते? चहा घ्या.

डॉक्टर : ठेवा तो. या ट्रंकेचा तळ ओला आहे. आणि कडेला हे शेवाळ. खोलीत शेवाळ कुठून येईल?

दगडू : मोरीतनं. पण मोरीत कोण ठेवणार? मी तर सकाळीच बाकीच्या जनावरांकडं जातो… वैनी?

सुभद्रा : उबेत ती गप्प पडते.

दगडू : वैनी, तंबू पुन्हा उभा राहतोय. मालक तुझ्यादेखत मला बोलला, ‘राणी जगली तर तुझी जागा, न्हाईतर तू घरी बस.’

सुभद्रा : ऐकलंय मी ते.

दगडू : आणि तरी तू हिला ओल्या दगडावर…

सुभद्रा : हळू बोल, राधाबाईचा कान भिंतीलाच असतो. डॉक्टर, मी खुळी नाही. सापाचं नाक वाजतंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जयवंतची शीळ शेवटाला वर चढायची, हिची खाली येते. पण वाजली की मी उठते, कडी काढते. नाहीतर उठायचं कुणासाठी?

डॉक्टर : गार ठेवलीत तर ही मरेल. शीळ तेव्हाही थांबेलच.

सुभद्रा : लगेच?

डॉक्टर : फार वेळ नाही लागणार. आधी डोकं वर धरून बसेल, तोंड उघडं टाकून. हवेसाठी.

सुभद्रा : परवापासून बसते तशी. मला वाटलं, वर कुणाला बघतेय.

दगडू : वरच्या खोलीत रामदास पेटी वाजवतो. बरंय, हिला ऐकू येत नाही.

सुभद्रा : सोड तिला, दगडू. मी धरते. द्या, डॉक्टर.

डॉक्टर : सुई पुढच्या अंगात देतो. शेपटीकडे दिली तर औषध आधी मूत्रपिंडात जातं, वाया. झालं. नाकपुड्याही पुसल्या. ऐका आता.

दगडू : काही वाजत नाही.

सुभद्रा : नाही वाजत.

डॉक्टर : परत साचेल, पण ऊब राहिली तर कमी कमी होत जाईल. मोरी बंद, बाई.

सुभद्रा : बंद.

डॉक्टर : खाली सोडा तिला, उन्हाच्या पट्ट्यात. बघा, जबडा टेकवला. आणि वळली दाराकडे. पाहुणे येतायत तुमच्याकडे.

दगडू : या वेळेला? सगळी चाळ गिरणीत. थांबा, बघतो… जिन्यावर कुणी नाही, डॉक्टर.

डॉक्टर : खालच्या पायऱ्यांवर असेल.

दगडू : पार खालपर्यंत दिसतंय. रिकामा हाय.

डॉक्टर : मग तिनं वळायला नको. पण मान अजून तिकडेच आहे.

सुभद्रा : दगडू, दारातून जरा बाजूला हो.