परीक्षेत बोलायचं नाही

मी उगाच चिडते म्हणता ना, मग आमच्या वत्सलेच्या परीक्षेचं ऐका. पोर जन्मांध, पण धडे तोंडपाठ. खेटे घालून घालून मी परवानगी मिळवली होती, की ती उत्तरं सांगेल आणि खालच्या वर्गातली एक मुलगी लिहून घेईल.

पेपर सुरू झाला आणि जरा वेळाने पर्यवेक्षक व्हरांड्यात माझ्याकडे आले.

"अक्का, तुमची मुलगी बोलतेय."

"उत्तर सांगतेय ती."

"परीक्षेत बोलायचं नाही. मी गप्प बसवलंय तिला."

मी शिकलेली बाई, पण कुणी नियम म्हटलं की आधी माझंच चुकलं असं वाटतं. तरी विचारलं, "मग लिहिणारी काय लिहिणार?"

"ती पण बसलीय रिकामी."

"अहो, मग वेगळ्या खोलीत बसवा दोघींना!"

"त्याला वरून परवानगी हवी. स्वल्प थांबा."

"पेपर संपेपर्यंत?"

"तोवर खुणांनी सांगू दे की."

इतिहासाचा पेपर हो! माझं डोकंच फिरलं. तडक आत गेले, दोन्ही पोरींसकट बाक ओढायला लागले. फरशीवर असा कर्कश आवाज झाला की सगळा वर्ग वळून बघायला लागला. पर्यवेक्षक ओरडले, "अक्का, आवाज!" मी बाक व्हरांड्यात आणूनच थांबले. वत्सलेने तिथे बसून पेपर पुरा केला.

काल निकाल लागला. पास झाली. मात्र गुण कापलेत, खराब अक्षराबद्दल.

कुणाच्या अक्षराबद्दल, ते विचारायला उद्या परत जातेय मी. आणि बोलणार आहे, चांगलं मोठ्यानं.