बत्तीसवाला माग

धंतोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंदिनी आपला नंबर यायची वाट पाहत बसली होती. शेजारी उमरेडचं एक म्हातारं जोडपं बोलायला लागलं, तसा तिनं हातातला मोबाइल पालथा ठेवला.

"पेपर वाचून दाखवणारा तो प्रोग्राम टाकाले शेजारच्या चेतनले बलावलं का वं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काहून बलावू? मीच टाकला कंप्युटरात."

"तू?"

"मंग कोण? पहिले चौसष्ट बिटवाला घेतला. आपल्या मागावर जास्त नंबराची फणी लावली का कापड बारीक निंगते, तसंच हेही असंन म्हटलं."

"मंग?"

"कंप्युटर घेईच ना. मंग ध्यानात आलं, माग न पाहता फणी कोणी बसवते का? त्याच्या माहितीत जाऊन पाह्यलं, तर आपला जुना कंप्युटर बत्तीस बिटवाला. मंग बत्तीसवाला प्रोग्राम टाकला. चालून राहिला ना आता."

"चेतन तर म्हणे, भंगारात द्या."

"म्हणू द्या. तुमचे डोळे असे, पेपर कोण वाचून दाखवंन? सकाळी आवाज नाही आला का तुम्हाले?"

"मले वाटलं, रेडिओ लागला."

"रेडिओ कधी म्हणते का, जागेश्वरराव, चहा थंडा होऊन राहिला? मीच टाइप केलं होतं ते."

तेवढ्यात नर्सनं दारातून हाक दिली.

"जागेश्वर धकाते. आजोबा, सोबत कोण आहे?"

म्हातारा काठी टेकत उठला आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"माही घरवाली हाये. डॉक्टरले म्हणा, जे सांगाचं ते हिलेच सांगा. कंप्युटर चालवते."