माझं अस्तर तगलं नाही

रक्त द्यायला आलात ना? म्हणजे नेजियाबाई, लल्ला नेजिया, तुम्हीच. बसा हो, बाकावर जागा आहे — मी लुत्फीची बायको, वसीला, डबा घेऊन आलेय. हो, तोच, आत प्रयोगशाळेत दार लावून बसलाय तो. आमच्या घरी तुमचं नाव रोज निघतं, म्हटलं बघू तरी. तुमचं म्हणजे — तुमच्या पोटाचं. नळी घालून जठराच्या अस्तराचा चिमूटभर तुकडा काढला होता ना, तो म्हणे काचेच्या बशीत असा काही फोफावलाय, की नवरा माझा घास हातात धरून तेच सांगत बसतो. त्यावर पोटातला जंतू सोडला की ते अस्तर हाक मारतं आणि रक्तातल्या राखणदार पेशी धावत येतात — "काय हाक आहे वसीला, ऐकणाऱ्याला राहवत नाही." आणि मी चुलीपासून तीनदा ओरडते तेव्हा कुठे ह्याची मान वर होते.

माझाही तुकडा काढला होता बरं का, तुमच्या आधी. हरिसाच्या तिखटावर पोसलेलं पोट, जंतू ठाण मांडून बसलेला — मीच म्हटलं, घे, घरचंच आहे. आठवडाभरसुद्धा तगलं नाही. "होतं असं," म्हणाला आणि बशी कचऱ्यात. माझ्या अंगातलं हो ते, निदान मला सांगून तरी फेकायचं. मी काही रडले नाही. त्या दिवशी कुसकुस करपलं, तेवढंच.

दात छान आहेत तुमचे. मला वाटलं होतं, वयस्क असाल.

आजचा दिवस मोठा होता म्हणे. पहाटेच जंतू सोडलाय, तुमचं अस्तर आत हाका मारत बसलंय. परक्याच्या पेशी चालत नाहीत — त्या अस्तरालाच शत्रू समजून खातात. माझं रक्त घे म्हटलं, तर हसला. तुमचंच हवं, ताजं, दुपारच्या अजानच्या आधी. नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात. रात्रभर कूस बदलत होता. रमजानात मी तापाने फणफणले होते, तेव्हा मात्र खुशाल घोरत होता.

पण — कसं सांगू तुम्हाला — आज रक्त घेत नाहीयेत. मोठा होता म्हटलं ना, होता. यंत्र बिघडलंय मघाशी. तुम्हाला हे सांगायलाच मला बाहेर बसवलंय, नाहीतर मला काय हौस आहे. नाही नाही, दार नका वाजवू, कामात असला की चिडतो तो, मला विचारा. तुम्हाला फोन येईल. मेहदियाला जाणारी लुआज टॅक्सी भरायच्या आत गाठा, मग उन्हात ताटकळावं लागतं. जा बाई. जिना सांभाळून.

...

काय रे लुत्फी? नाही, अजून कोणीच आलं नाही. ये, आधी जेवून घे.