घरातलं काहीतरी आण

जाहिरात कंपनीचे साहेब, तुम्ही चोर आहात, आणि चोरीही दुसऱ्याच्या हातून करवता. दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ बोलत होते. ऐका.

“ते वाक्य आईचं आहे ना रे?”

“ताई, हळू बोल.”

“‘मला कुशीवर वळवताना तू श्वास रोखतोस, ते मला कळतं.’ तुला एकट्याला म्हणाली होती ती. आणि तू ते मोठ्यांच्या डायपरच्या जाहिरातीत घातलंस?”

“यंत्र मिनिटात शंभर जाहिराती लिहितं, ताई. साहेब म्हणाले, सगळ्या गुळगुळीत आहेत. यंत्राला आई नसते, तुला आहे. घरातलं काहीतरी आण, नाहीतर घरीच बस.”

“म्हणून आईला विकलंस?”

“मग इथलं बिल कोण भरणार? तुझा नवरा?”

“त्याला मध्ये आणू नकोस. साहेब खूश झाले ना?”

“झाले. त्या एका वाक्यावरून यंत्राकडून दोनशे जाहिराती काढून घेतल्या. आता म्हणतात, अजून आण.”

“मग ने की! तिची पाठ सोलून निघालीय, तेही लिही.”

“ताई, पुरे.”

“काल वॉर्डातल्या टीव्हीवर लागली तुझी जाहिरात. आईनं ऐकली. तेव्हापासून कुणाला अंगाला हात लावू देत नाही. नर्स आली, मी गेले, तर म्हणते, नको, राहू दे.”

“मी बोलतो तिच्याशी.”

“तू नको. साहेबांना फोन लाव. माझ्यासमोर विचार, तिला आता कुशीवर कोण वळवणार? लाव फोन.”