माझी दाढ आणि देशाची मंदी

...अहो, दाढ दुखत होती माझी, दाढ! पण ऐकतंय कोण? तुम्हाला सांगतो, माझं, या एम्मेट क्रॉलीचं, खिळे-कुदळींचं दुकान नेब्रास्कातल्या या गावात मंदीतही बरं चाललंय, देवाला ठाऊक आहे, पण देव काही साप्ताहिक छापत नाही ना...

झालं असं, की त्या दिवशी गाल सुजून पाव झालेला, दंतवैद्य जेवायला गेलेला, म्हणून मी दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसलो. तेवढ्यात न्यूयॉर्कहून आलेला एक लांबुडका माणूस, मुठीत मावेल एवढा कॅमेरा घेऊन समोर उकिडवा. म्हणतो, "हलू नका, फार सुंदर बसलाय." आता दाढ ठणकत असताना कोण सुंदर बसतं? मी म्हटलं, "बाबा रे, दाढ दुखतेय." तर म्हणतो, "हो हो, सगळ्यांचंच दुखतंय."

पुढच्या महिन्यात टपालात अंक आला. हल्ली ती नवी साप्ताहिकं निघालीत ना, वाचायला चिमूटभर अन् बघायला पोतंभर... त्यात पानभर मी! आणि खाली छापलंय, 'सर्वस्व गमावलेला माणूस.' सर्वस्व कुठलं, एक दाढ गेली होती, तीही किडकी.

दुपारी सासूबाई दोन गावं ओलांडून मक्याचा पाव घेऊन हजर. "जावईबापू, एवढी वेळ आली अन् आम्हाला कळवलंही नाही?" मी म्हटलं, दाढ दुखत होती. "असू दे," म्हणाल्या, "माणूस लाजेनं काहीही सांगतो." रविवारी पाद्रीबुवांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. मी उभा राहून सांगितलं, दाढ होती. तर मागच्या बाकावरून हुंदका आला, "बिचारा, अजून मानी आहे." दंतवैद्याला साक्षीला धरलं, तर तोही चित्र बघून म्हणतो, "एम्मेट, दाढ मीच उपटली, पण हे दुःख दाढेचं नाही रे..."

म्हटलं, निदान बायको तरी. थेल्मानं स्वतः लवंगेचं तेल लावलं होतं त्या दाढेला, स्वतःच्या बोटानं. घरी गेलो तर अंक मांडीवर, डोळे भरलेले.

"अगं, दाढ दुखत होती ना माझी?"

"हो, माहितीये मला," ती म्हणाली, आणि चित्रातल्या माझ्या कपाळावरून हळूच हात फिरवला. खऱ्या कपाळावरून कधी फिरवला होता, आठवत नाही. "पण अहो, बघा तरी या माणसाकडे. इतकी वर्षं झाली लग्नाला... काय आहे तुमच्या मनात, जे मला कधी सांगितलं नाहीत?"

तिच्या शेजारी बसून मीही बघितलं. नीट बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक नसलं की बसतो आठवत... काय बरं असेल ते?