पाचशेची ट्रॉली

हसा खुशाल, पन ऐका. आमी जुनं बाथरूम पाडलं, त्याचा मलबा फेकाचा होता. बायको म्हने, "शेजारचे शेखभाई हजारात सारं उचलून नेतात." पन मले उंद्रीचा एक जन फोनवर पाचशेत ट्रॉली देऊन राह्यला होता. मी गनिताचा मास्तर. "वरून काही लागते का?" हे तीनदा इचारलं.

"काहीच नाही, सर."

त्यानं ट्रॉली दारात सोडली अन् ट्रॅक्टर घेऊन गेला. दिवसभर घमेली वाहून मी ती भरली, मंग फोन लावला. "भाऊ, ने आता."

"सर, पाचशे ट्रॉलीचे. ट्रॅक्टर लोकं आपलं आनतात. माह्यं पायजे तं आठशे अलग."

बायकोनं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. म्हने, "मलबा हाये तिथंच हाये. फक्त त्याले चाकं लागले."